मर्यादा, निर्बंध की स्थगिती?

प्रश्न असा आला आहे: सरकारने सभा-मोर्चांना बंदी केली की बातमीत कधी ‘स्वातंत्र्यावर मर्यादा’ असते, कधी ‘निर्बंध’, कधी ‘हक्क स्थगित’. तिन्हींचा अर्थ एकच धरावा का? आणि ‘निर्’ असूनही ‘निर्बंध’ म्हणजे बंधन कसे?

दुसरे आधी. ‘निर्’ दर वेळी नकारार्थी नसतो. ‘निर्धार’, ‘निर्णय’ पाहा. संस्कृतात निर्बंध म्हणजे हट्ट, आग्रह.

आता पहिले. एकच अर्थ अजिबात धरू नये. ‘मर्यादा’ तर इथे मला खटकतेच. वयाच्या, प्रकृतीच्या मर्यादा असतात. त्या कुणी घातलेल्या नसतात. शिवाय ‘मर्यादा सोडली’ म्हटले की दोष सोडणाऱ्याच्या माथी. ‘मोर्चांवर मर्यादा आल्या’ या वाक्यातून बंदी घालणारा अलगद निसटतो. निर्बंध मात्र कुणीतरी घालतो, वाढवतो, उठवतो. म्हणूनच त्याला जाब विचारता येतो.

आणि जाब द्यावाच लागतो. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम १९ सांगते की अभिव्यक्तीवरचा निर्बंध कायद्याने ठरवलेला हवा, आणि इतरांचे हक्क, राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक आरोग्य अशा नेमक्या कारणांसाठी ‘आवश्यक’ हवा. या ‘आवश्यक’चा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७६ मध्ये, ब्रिटनविरुद्धच्या हँडीसाइड खटल्यात, चांगला कीस पाडला. युरोपच्या मानवी हक्क करारातही हाच शब्द आहे. न्यायालय म्हणाले, आवश्यक म्हणजे ‘अपरिहार्य’ नव्हे, पण ‘उपयुक्त’, ‘वाजवी’, ‘इष्ट’ इतका सैलही नव्हे. समाजाची खरीखुरी निकड हवी. सरकारी पत्रकाचे मराठी करताना ‘आवश्यक’च्या जागी ‘योग्य’ लिहिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

‘स्थगिती’ याहून जड. १९६६ च्या त्याच आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ४ नुसार राष्ट्राच्या अस्तित्वावरच बेतलेली आणीबाणी हवी, ती अधिकृतपणे जाहीर केलेली हवी, आणि कोणत्या तरतुदी का बाजूला ठेवल्या हे संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांमार्फत करारातल्या इतर देशांना कळवावे लागते. तरीही छळ आणि गुलामगिरी यांपासूनचे संरक्षण स्थगित करता येतच नाही.

दोन शब्दांतला फरक धर्मस्वातंत्र्यात स्वच्छ दिसतो. साथीच्या काळात सामुदायिक प्रार्थनेवर निर्बंध घालता येतो, पण धर्मस्वातंत्र्य स्थगित करता येत नाही. आणि मनात काय मानावे, यावर तर निर्बंधही चालत नाही.