खडकाळ काठावर जोरकस मासा खेळवताना

गंगापूर धरणाच्या कातळावरून कटल्यासारखा जोरकस मासा गळाला लागला, की रीळ घट्ट आवळण्याचा मोह आपण आधी टाळावा. 10 किलो ताकदीच्या दोऱ्यासाठी ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रिळावरून दोरा सुटू लागेल ते बंधन, अडीच ते तीन किलोवर, घरीच ताणकाट्याने मोजून ठेवावा. मासा धावला की दोरा जाऊ द्यावा आणि तो थांबताच रॉड सावकाश उचलून, खाली आणताना तेवढाच दोरा गुंडाळावा. विणलेला दोरा खडकाच्या धारेवर क्षणात तुटतो, म्हणून पुढे जाड नायलॉनचा तुकडा बांधावा व रॉडचे टोक उंच धरावे. माझा सर्वांत मोठा मासा असाच दोरा तुटून, काठापासून हातभर अंतरावर निसटला. त्याची हळहळ अजून वाटते. जाळी आधीच पाण्यात बुडवून दमलेला मासा तिच्यावर आणावा, मात्र शेवाळलेल्या उतारावर त्याच्यामागे कधीही उतरू नये.