जुन्या बंदुकीवर 'डब्लिन' कोरलेलं असेल तर ती खरंच आयर्लंडमध्ये बनलेली असते का?

तुम्ही विचारलंय की आयर्लंडमध्ये कधी बंदुका बनायच्या का, आणि जुन्या बंदुकीवर डब्लिन लिहिलेलं असेल तर त्याचा नेमका अर्थ काय. पहिल्याचं उत्तर सरळ आहे, हो, आणि एकदम नावाजलेल्या बनायच्या. दुसऱ्याला थोडा वेळ लागेल, कारण आयरिश बंदुकीवर कोरलेलं प्रत्येक अक्षर कुठल्यातरी कायद्यामुळे किंवा भांडणामुळे तिथे आलेलं असतं, आणि मला या विषयाचं वेड लागलं ते त्यामुळेच. मी नोकरीसाठी डब्लिनला आलो, इथल्या कॉलिन्स बॅरॅक्समधल्या म्युझियमला तिकीट नाही, त्यामुळे कितीतरी रविवार तिथल्या शस्त्रांच्या दालनात गेलेत.

आधी हे लक्षात घ्या की १६९५ च्या कायद्याने इथल्या कॅथलिक लोकांना शस्त्र बाळगायला बंदी होती, पाच पौंडांपेक्षा महागडा घोडासुद्धा ठेवता यायचा नाही, आणि बंदूक बनवणाऱ्याने कॅथलिक पोरगा हाताखाली शिकायला ठेवायचा नाही. म्हणजे देशातले बहुसंख्य लोक या धंद्यातून बाहेरच. अठराव्या शतकात डब्लिनच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून यायचे ते मुख्यतः प्रोटेस्टंट जमीनदार, वकील, लष्करी अधिकारी, आणि या मंडळींना शिकारीच्या बंदुकीइतकीच गरज असायची ती द्वंद्वाच्या पिस्तुलांच्या जोडीची.

द्वंद्वाचं प्रस्थ इथे इतकं होतं की १७७७ साली क्लॉनमेल गावात टिपररी, गॉलवे, मेयो, स्लायगो आणि रॉसकॉमन या काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, लोकांनी बसून त्याची रीतसर नियमावली केली. त्यातला एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो, पिस्तूल उडालं नाही तरी तो बार झाला असंच धरायचं. चाप ओढला, चकमकीची ठिणगी पडली पण रंजक, म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू, पेटलीच नाही, तर तुमची पाळी संपली आणि समोरचा अजून नेम धरून उभा आहे. आता विचार करा, पिस्तुलाची कळ, म्हणजे चाप ओढल्यावर ठिणगी पाडणारी यंत्रणा, बनवणाऱ्याच्या हातावर त्या माणसाचा जीव किती अवलंबून असेल. डब्लिनच्या पिस्तुलांमध्ये नक्षीपेक्षा कळ, चाप आणि हातात नीट बसणारी मूठ यांच्यावर इतकी मेहनत का दिसते ते मला हा नियम वाचल्यावर कळलं. १८१५ मध्ये डॅनियल ओकॉनेल, म्हणजे पुढे कॅथलिकांच्या हक्कांचा सगळ्यात मोठा पुढारी, त्याने डब्लिनच्या कार्पोरेशनला भिकारडी म्हटलं म्हणून कार्पोरेशनचा एक सदस्य, डेस्टेर, त्याने आव्हान दिलं, किल्डेअरमध्ये बिशप्सकोर्टला दोघं भेटले आणि डेस्टेरला गोळी लागून तो दोन दिवसांनी गेला. ओकॉनेलला ते आयुष्यभर लागून राहिलं, डेस्टेरच्या मुलीला तो पेन्शन देत राहिला.

या सगळ्या काळात सगळ्यात मोठं नाव म्हणजे रिग्बी. कंपनी स्वतःची स्थापना १७७५ ची सांगते. दुकान सफोक स्ट्रीटवर होतं, २०१४ मध्ये मॉली मलोनचा पुतळा हलवून जिथे ठेवला तोच रस्ता, आज तिथे टुरिस्टांची गर्दी असते. बाकी डब्लिनला ट्रुलॉक, कॅव्हॅना, कॉर्कला रिचर्डसन, बेलफास्टला ब्रॅडेल अशी नावं सापडतात. पण १८०१ पासून आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट बंद झाली आणि बडे लोक हळूहळू लंडनला सरकले, त्याचा फटका डब्लिनच्या सगळ्याच भारी धंद्यांना बसला, यांनाही.

आता तुमचा खरा प्रश्न. नळीवर किंवा कळीच्या पट्टीवर दुकानदाराचं नाव आणि डब्लिन असेल तर ती त्या दुकानाने विकलेली आहे एवढं नक्की, पण सगळे भाग तिथेच घडले असं नाही, कारण नळ्या आणि कळा बर्मिंगहॅमहून मागवून इथे जुळवणं ही सर्रास पद्धत होती. त्यात आयर्लंडमध्ये प्रूफ हाउसच नव्हतं, म्हणजे जास्तीची दारू ठासून नळी फुटत नाही ना हे तपासून शिक्का मारणारी जागा, त्यामुळे डब्लिनच्या बंदुकीवर बर्मिंगहॅम किंवा लंडनचा शिक्का दिसला तर लगेच नकली समजू नका. आणि नुसतं 'डब्लिन कॅसल' असेल तर गोष्टच वेगळी, ती दुकानातली नाही, डब्लिन कॅसलमध्ये सरकारी शस्त्रागार होतं तिथली लष्करी मस्केट, म्हणजे सैनिकाची लांब नळीची बंदूक.

अजून एक खूण बघा. १८४३ च्या कायद्याने आयर्लंडमधल्या खासगी बंदुकांची नोंद सक्तीची केली आणि प्रत्येकीवर काउंटीची आद्याक्षरं आणि नंबर ठोकला. सुंदर नक्षीकामाच्या नळीवर तो ओबडधोबड ठसा बघून वाईट वाटतं, पण मला विचाराल तर तोच सगळ्यात मोलाचा, कारण ती बंदूक त्या वेळी कुठल्या काउंटीत होती हे तेवढ्यावरून कळतं.

रिग्बीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण ती गोष्ट मला खूप आवडते. संस्थापकाचा नातू जॉन रिग्बी स्वतः अव्वल नेमबाज होता. १८७४ मध्ये आयरिश टीम न्यूयॉर्कजवळ क्रीडमोरला अमेरिकनांशी खेळायला गेली, सहा-सहा जण, ८००, ९०० आणि १००० यार्डांवरून. आयरिश लोकांकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, म्हणजे प्रत्येक बाराला नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची, आणि अमेरिकनांकडे मागून काडतूस भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. सगळ्यांना वाटत होतं ठासणीचीच जास्त अचूक. निकाल लागला ९३४ विरुद्ध ९३१, फक्त तीन गुणांनी अमेरिका जिंकली, आणि आयरिश टीमच्या मिल्नरने एक गोळी अगदी मधोमध मारली होती पण चुकून शेजारच्या टार्गेटवर, ज्याचे चार गुण मिळाले असते त्याचा भोपळा मिळाला. रिग्बीचा स्वतःचा स्कोअर १६३, आयरिश टीममध्ये सगळ्यात जास्त. ठासणीची रायफल त्या दिवशी वाईट चालली असं कोणीच म्हणू शकत नाही, तरी त्यानंतर तिचे दिवस भरलेच. हाच रिग्बी १८८७ मध्ये लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्याचा प्रमुख झाला.

यातूनच तारीख ओळखायची एक सोपी युक्ती मिळते. रिग्बीने लंडनला दुकान काढलं १८६५ मध्ये आणि डब्लिनचं विकलं १८९७ मध्ये. म्हणून रिग्बीच्या बंदुकीवर नुसतं डब्लिन असेल तर ती साधारण १८६५ च्या आधीची, डब्लिन आणि लंडन दोन्ही असेल तर मधल्या बत्तीस वर्षांतली, नुसतं लंडन असेल तर बहुधा नंतरची. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला बक्षीस मिळालेली .२७५ रायफल रिग्बीचीच, पण ती या शेवटच्या, लंडनच्या काळातली.

तुमच्या ओळखीत कोणाकडे अशी बंदूक असेल तर त्यांना एकच सांगा, नळीवरचा तपकिरी रंग गंज समजून पॉलिश पेपरने घासू नका. तो रंग बनवणाऱ्याने मुद्दाम चढवलेला असतो, आणि घासताना सगळ्यात आधी जातात ती बारीक कोरलेली अक्षरं.