किआरोस्तामींचे लघुपट पाहू लागताना

इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांचे पूर्ण लांबीचे चित्रपट तुम्हाला आवडले असतील, तर आता १९७० सालच्या ‘ब्रेड अँड अ‍ॅली’पासून त्यांचे लघुपट पाहायला सुरुवात करावी. पाव घेऊन घरी निघालेल्या मुलाची वाट गल्लीतला कुत्रा अडवतो, एवढेच त्याचे कथानक आहे. परंतु मूल घाबरून नुसते थांबलेले असताना दिग्दर्शक किती धीराने थांबतो, याकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर ‘द कोरस’ (१९८२) पाहावा आणि तो शक्यतो हेडफोन लावूनच पाहावा. त्यातील वृद्ध गृहस्थ रस्त्यावरच्या गोंगाटाला कंटाळून श्रवणयंत्र काढतात, तेव्हा पडद्यावरचा आवाजही नाहीसा होतो आणि आपण त्यांच्या कानांनी ऐकू लागतो. दारात उभ्या असलेल्या नातीची हाक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हे कोणत्याही संवादाविना उमगते. माझ्या मते ध्वनीचा इतका अर्थपूर्ण उपयोग मोठ्या चित्रपटांतही क्वचितच आढळतो.

हे लघुपट मुलांच्या बौद्धिक विकासासाठीच्या तेहरानमधील ‘कानून’ या संस्थेने निर्मिले होते. किआरोस्तामींनी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते, हे त्यांच्या चौकटींतील साधेपणा पाहताना ध्यानात ठेवावे. फारसी कवितेचे ऋण तर त्यांच्या मोठ्या चित्रपटांच्या शीर्षकांतच दिसते: ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम?’ हे सोहराब सेपेहरी यांच्या, तर ‘द विंड विल कॅरी अस’ हे फरूग फर्रुखजाद यांच्या कवितेतून आले आहे. फरूग यांनी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीवर केलेला ‘द हाउस इज ब्लॅक’ हा लघुपटही आवर्जून पाहावा.