सगळं मिळूनही आयुष्य रिकामं वाटतं. देवाची कृपा कशी मिळवायची?

पगार, फ्लॅट, गाडी झाली, आता कृपा कशी मिळवायची, असं तुम्ही विचारलंय. तो 'मिळवायची' शब्दच काढून टाका. मीही वीस वर्षं त्याच शब्दावर जगलो.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझी फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना आहे. एका भट्टीच्या चार केल्या. माझे वडील, आबा, उद्यमनगरात दुसऱ्याच्या कारखान्यात मोल्डर होते, ओतकामाचे साचे करायचे. दर नोव्हेंबरला ९, १० आणि ११ तारखेला शिफ्ट बदलून कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला जायचे; त्या दिवसांत मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात. मला म्हणायचे, "येतोस न्हवं?" माझं नेहमी कुठलंतरी डिस्पॅच असायचं. रात्री जेवताना सांगायचे, "आज किरणं गुडघ्यापतूर गेली बघ." मी मान हलवायचो, डोळे फोनमध्ये.

आबा गेले त्या वर्षी ९ तारखेला मी गेलो. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरलं, पितळी उंबऱ्यावर आलं, मग चांदीच्या उंबऱ्यावर. सगळं देऊळ गप्प. पायांना ऊन लागलं आणि वर चढायच्या आधीच ढग आडवा आला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी हात जोडले, "पायाला तरी लागली. उद्या येतो गं आई." स्मशानात मला रडू आलं नव्हतं, ते तिथं आलं.

सूर्य आपल्या तारखेला येतोच. किरणं कुठवर पोचतात ते ढगावर, धुळीवर आणि वाटेतल्या बांधकामांवर ठरतं. ढग आपल्या हातात नाही, वाटेतली अडगळ आहे. माझ्या वाटेत मीच चार भट्ट्या रचल्या होत्या.

आमचा दादा अजून म्हणतो, आबांनी देवळातला वेळ धंद्यात घातला असता तर आज स्वतःचा कारखाना असता. दादा, हे वाचत असशील तर ऐक. आबा अंथरुणाला पाठ टेकली की घोरायला लागायचे. तू आणि मी रात्री दोनला एकमेकांना हप्त्यांचे मेसेज करतो. कुणी काय कमावलं ते तूच सांग.

पैसा वाईट असं मी म्हणत नाही, माझ्या भट्ट्यांवर बरीच घरं चालतात. आणि रिकामं वाटणं म्हणजे जीवच नकोसा वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा, देऊळ नंतर.

किरणोत्सव वर्षातून दोनदा असतो, नोव्हेंबरात आणि ३१ जानेवारीपासून तीन दिवस. येणार असाल तर पाचच्या आत या. मी तिन्ही दिवस असतो, आबा उभे राहायचे त्या बाजूला.