शुल्क भरून परदेशातील प्रदर्शनात सहभागी व्हावे का?

आपल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी आहे. आपण अर्धवेळ नोकरी सांभाळून चित्रे काढता, मोठ्या कॅनव्हासबरोबरच लाकडी ठशांवरून मुद्राचित्रेही करता आणि परदेशातील एका खासगी कलादालनाने आपल्याला समूहप्रदर्शनाचे निमंत्रण दिले आहे. पाच कॅनव्हास लावायचे, त्यासाठी सहभाग शुल्क भरायचे आणि विक्री झाल्यास तीस टक्के कमिशन द्यायचे, अशा अटी आहेत. आपल्या हिशेबाप्रमाणे शुल्क आपल्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढे, चित्रांची जाण्यायेण्याची वाहतूक व विमा दीड महिन्याच्या खर्चाएवढा आणि आपला प्रवास व मुक्काम आणखी दीड महिन्याच्या खर्चाएवढा होतो. आपली एकूण बचत नऊ महिने पुरेल एवढी आहे. ही संधी साधावी का, आणि पैसे कमी पडल्यास घरच्यांकडून उसने घ्यावेत का, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे की या निमंत्रणावर आपण पैसे खर्च करू नयेत आणि त्यासाठी उसने तर मुळीच घेऊ नयेत. परदेशात काम मांडण्याचा विचार मात्र सोडू नये. त्यासाठी वेगळी आणि बरीच लहान रक्कम बाजूला काढावी.

आधी विक्रीचा हिशेब पाहू. आपल्या एका कॅनव्हासची किंमत साधारण एका महिन्याच्या घरखर्चाएवढी आहे, असे आपण लिहिले आहे. पाचही चित्रे विकली गेली, तरी कमिशन वजा जाता आपल्या हाती साडेतीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम येईल. सगळी चित्रे विकली गेल्यामुळे परतीच्या वाहतुकीचा खर्च वाचला असे धरले, तरी एकूण खर्च सव्वाचार महिन्यांएवढा राहतो. म्हणजे ज्याहून चांगले काही घडणे शक्यच नाही, त्या परिस्थितीतही आपल्याला पाऊण महिन्याच्या खर्चाएवढा तोटा आहे. दोनच चित्रे विकली गेली, तर हा तोटा सव्वातीन महिन्यांच्या आसपास जातो, आणि तो भरून काढण्यासाठी प्रत्येक चित्राची किंमत आजच्या तिपटीहून अधिक ठेवावी लागेल. नवख्या चित्रकाराला अनोळखी ग्राहकांसमोर ते साधणार नाही. चलन बदलताना बँक कापून घेते ती रक्कम आणि परदेशातील विक्रीवर लागू शकणारा कर मी यात धरलेलाच नाही.

विक्रीपेक्षा ओळख महत्त्वाची, असा मुद्दा आपण मांडला आहे आणि तो मला मान्य आहे. पण ओळख नेमकी कोणाशी होणार, हे तपासायला हवे. जे कलादालन केवळ कमिशनवर चालते, ते बहुधा निम्म्याच्या आसपास कमिशन घेते. मात्र चित्र विकले गेले तरच त्याला पैसे मिळतात, म्हणून ते संग्राहकांना बोलावते, पाठपुरावा करते आणि कलाकाराची निवड काळजीपूर्वक करते. आपल्याला निमंत्रण देणाऱ्या दालनाचे पैसे मात्र प्रदर्शन सुरू होण्याआधीच वसूल झालेले असतात, आणि तेही ग्राहकाकडून नव्हे, कलाकारांकडून. त्यामुळे विक्रीसाठी धडपडण्याचे कारण त्याच्यापाशी फारसे उरत नाही. तीस टक्के कमिशन कमी वाटते ते याचमुळे. शिवाय निवड समित्यांवरील मंडळींना अशी दालने बहुतेक ठाऊक असतात, त्यामुळे परिचयपत्रातील त्या नोंदीला अपेक्षित वजन मिळत नाही.

कलाकाराने पैसे भरून काम मांडणे हे मुळातच चुकीचे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. पॅरिसमध्ये १८८४ साली सरा आणि सिन्याक यांच्यासारख्या चित्रकारांनी मिळून स्वतंत्र कलाकारांची संस्था स्थापन केली आणि परीक्षक नाहीत, पारितोषिके नाहीत, हे तत्त्व स्वीकारले; शुल्क भरणाऱ्या कोणालाही तेथे काम लावता येत असे. सलोन नावाच्या अधिकृत प्रदर्शनाची दारे ज्यांना बंद होती, त्यांची चित्रे या भिंतींवर लागली. आँरी रूसो आणि व्हॅन गॉग यांचीही. तेथे जमणारा पैसा कलाकारांच्याच सामायिक खर्चासाठी होता. म्हणून शुल्क मागितले की तो पैसा कोणाकडे जातो आणि त्या बदल्यात कोणती जबाबदारी कोण घेतो, एवढे विचारावे. खुल्या स्पर्धेचे लहानसे प्रवेश शुल्क आणि भिंतीचे भाडे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

लंडनच्या रॉयल अकॅडमीचे उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून दरवर्षी भरत आले आहे आणि त्यासाठी कोणीही अर्ज करू शकतो. प्रत्येक कलाकृतीमागे प्रवेश शुल्क असते, पण पहिली छाननी छायाचित्रांवरून होते आणि त्यात पुढे गेलेल्यांनाच मूळ चित्र पोचवावे लागते. नकार आला, तर आपले नुकसान प्रवेश शुल्कापुरतेच. पैशाच्या दृष्टीने मला ही रचना फार महत्त्वाची वाटते, कारण मोठा खर्च निवड झाल्यानंतरच सुरू होतो.

आपली मुद्राचित्रे हे या बाबतीत आपले सर्वांत मोठे बळ आहे, आणि पत्रात आपण त्यांचा उल्लेख केवळ जाता जाता केला आहे, याचे मला आश्चर्य वाटले. एका ठशावरून वीस प्रतींची क्रमांकित आवृत्ती काढली, तर एक प्रत परदेशात गेली तरी उरलेल्या एकोणीस हाताशी राहतात. कॅनव्हास गेला की तो परत येईपर्यंत विकताही येत नाही आणि दाखवताही येत नाही. मुद्राचित्रांसाठी वेगळी आंतरराष्ट्रीय प्रदर्शनेही आहेत. पोलंडमधील क्राकोव्ह येथे १९६६ पासून असे प्रदर्शन भरते आहे, आणि आज ते दर तीन वर्षांनी भरते.

वाहतुकीतला फरक आकड्यांत पाहावा. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल, त्यावर पैसे आकारतात. आकारमानी वजन काढण्यासाठी लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि त्याला बहुधा ५००० ने भागतात. आपला १२० बाय ९० सेंटिमीटरचा चौकटीवर ताणलेला एक कॅनव्हास १३५ बाय १०५ बाय २० च्या खोक्यात बसवला, तर त्याचे आकारमानी वजन जवळजवळ ५७ किलो होते, मग खोके प्रत्यक्षात कितीही हलके असो. तोच कॅनव्हास चौकटीवरून काढून ११० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर जाड नळीत गुंडाळला, तर वजन नऊ किलोच्या आत येते, आणि त्याच नळीत दुसरा कॅनव्हासही मावू शकतो. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवावी, म्हणजे रंगाचा थर दबून सुरकुतत नाही. जाड थराची किंवा पूर्ण न वाळलेली तैलचित्रे मात्र गुंडाळूच नयेत. कागदावरची मुद्राचित्रे तर चौकटीविना, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट जाऊ शकतात. खोके कच्च्या लाकडाचे करायचे असेल, तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून त्यावर तसा शिक्का मारलेला असावा लागतो. शिक्का नसल्यास माल सीमेवर अडकू शकतो. प्लायवूडला ही अट लागू नाही.

सीमाशुल्काचा प्रश्नही आपण विचारला आहे. केवळ प्रदर्शनासाठी जाऊन परत येणाऱ्या वस्तूंसाठी एटीए कार्नेट नावाचा दस्तऐवज असतो. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर तो आधारलेला आहे आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. त्यावर नेलेल्या वस्तूंवर तात्पुरत्या आयातीचे शुल्क लागत नाही, मात्र त्यासाठी तारण द्यावे लागते आणि वस्तू परत आणणे बंधनकारक असते. चित्र तिकडेच विकले गेले, तर शुल्क भरावे लागते आणि तारणही अडकू शकते. विक्रीची आशा असेल, तर आयातीचे शुल्क कोण भरणार हे पाठवणीपूर्वीच लेखी ठरवावे.

आता रकमेकडे वळतो. आपले उत्पन्न अर्धवेळ नोकरीचे आणि अनियमित विक्रीचे असल्यामुळे सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम अजिबात हलवू नये. उरलेल्या तीन महिन्यांच्या रकमेपैकी निम्मी, म्हणजे दीड महिन्याच्या खर्चाएवढी, पहिल्या वर्षासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी. तिच्यातून आधी कामाची उत्तम छायाचित्रे काढून घ्यावीत, कारण पहिली निवड त्यांवरूनच होते. मग निवडक खुल्या प्रदर्शनांचे प्रवेश शुल्क भरावे आणि जे उरेल ते निवड झाल्यावर वाहतुकीसाठी राखावे. चित्र आपल्या भिंतीवरून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा विमाही यातच धरावा. केवळ दालनात असतानाचा विमा पुरेसा नसतो. याच्या जोडीला, जेथे पैसे द्यावे लागत नाहीत तर मिळतात, अशा ठिकाणी अर्ज करावेत. ॲम्स्टरडॅमची रेक्सअकादमी निवडलेल्या कलाकारांना काम करण्याची जागा आणि विद्यावेतन देते. अमेरिकन चित्रकार ली क्रॅस्नर यांच्या मृत्युपत्रातून १९८५ मध्ये स्थापन झालेले पोलॉक-क्रॅस्नर फाउंडेशन जगभरातील चित्रकार, शिल्पकार व मुद्राचित्रकारांना अनुदान देते. स्पर्धा तीव्र आहे, पण येथे घालवायचा आहे तो वेळ, बचत नव्हे.

घरच्यांकडून उसने घेण्याबद्दल एवढेच सांगतो की परतफेड विक्रीवर अवलंबून असेल, तर आपण कोणती चित्रे काढायची हे ते कर्ज ठरवू लागेल, आणि आपल्या कामाच्या या टप्प्यावर मला ते फार घातक वाटते.

निमंत्रण पाठवणाऱ्या दालनाला नम्रपणे लिहावे की आपण सहभाग शुल्क देऊ शकत नाही, परंतु पाच कॅनव्हासऐवजी आठ-दहा मुद्राचित्रे निम्म्या कमिशनवर पाठवण्यास तयार आहात. मागील दोन प्रदर्शनांत किती कामे विकली गेली आणि सहभागी कलाकारांपैकी कोणाशी बोलता येईल, हेही त्याच पत्रात विचारावे. त्यांनी होकार दिला, तर सही करण्याआधी कराराचा मसुदा मला पाठवावा. विक्रीचे पैसे किती दिवसांत मिळतील आणि न विकलेली कामे कोणाच्या खर्चाने परत येतील, ही दोन कलमे मला सर्वप्रथम पाहायची आहेत.