वाचक विचारतात: पोकरच्या टेबलावरची खुन्नस

पोकरच्या मोठ्या स्पर्धांचे व्हिडिओ पाहून मुंबईतल्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या वेळी जागा दिली आहे. जवळजवळ सगळे प्रश्न भांडणांबद्दलचे आहेत. टेबलावरचं भांडण स्वभावातून पेटल्यासारखं दिसतं, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा बक्षिसांच्या रचनेत, घड्याळात किंवा वेळेवर न उच्चारलेल्या एका शब्दात सापडतं. म्हणून उत्तरांमध्ये आकडे जरा जास्त आले आहेत.

२०१६ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत विल्यम कासूफ समोरच्याला बोलून बोलून हैराण करतो आणि शेवटी ग्रिफिन बेंगर त्याच्यावर भडकतो. डाव चालू असताना इतकं बोलायला परवानगी असते का?
— एक वाचक, गिरगाव

बोलायला बंदी नसते, बंधन विषयावर असतं. डावात तीन किंवा जास्त खेळाडू उरले असतील तर आपल्या हातात काय आहे किंवा आपण काय टाकलं, हे सांगता येत नाही. डावाबाहेरच्या माणसाने सल्ला देणं तर कुठेच चालत नाही. दोघंच उरले की स्वतःच्या पत्त्यांबद्दल बोलायची मुभा काही स्पर्धा देतात, काही देत नाहीत. त्यामुळे खेळायला बसण्याआधी त्या स्पर्धेचं नियमपत्रक वाचलेलं बरं.

कासूफच्या बाबतीत बोलण्यापेक्षा वेळेचा मुद्दा मोठा होता. मुख्य स्पर्धेत ब्लाइंड, म्हणजे दोन खेळाडूंनी पत्त्यांआधीच सक्तीने टाकायच्या छोटी आणि मोठी अशा दोन रकमा, दर दोन तासांनी वाढतात, मग त्या दोन तासांत कितीही डाव होवोत. चांगल्या गतीने तासाला २५ ते ३० डाव होतात. प्रत्येक डावाला चार मिनिटं लागू लागली की तासाला १५ च उरतात. ज्याच्याकडे चिपा कमी आहेत त्याला चांगले पत्ते येण्याची संधी निम्म्यावर येते आणि ब्लाइंड मात्र ठरल्या वेळी वाढतात. डावात नसलेली माणसंही का चिडली, ते यावरून कळतं.

यावर उपाय एकच, घड्याळ मागणे. टेबलावरचा कोणीही खेळाडू ते मागू शकतो. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या सध्याच्या नियमांनुसार त्यानंतर २५ सेकंद आणि शेवटी ५ सेकंदांची उलटी मोजणी मिळते. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर त्या डावातले त्याचे पत्ते बाद होतात. पुन्हा पुन्हा त्रास देणाऱ्याला आधी ताकीद, मग एखादा डाव किंवा पूर्ण फेरी बाहेर बसवणं आणि शेवटी हकालपट्टी अशी शिक्षा वाढत जाते. बाहेर बसलेल्याच्या ढिगातून ब्लाइंड कापले जातच राहतात, त्यामुळे ही शिक्षा चांगलीच लागते. कासूफला ताकीदही मिळाली आणि दंडही झाला. शेवटच्या डावात त्याच्याकडे राजांची जोडी होती आणि बेंगरकडे एक्क्यांची. तो १७ व्या क्रमांकावर बाहेर पडला. आमच्या मते त्याच्या बडबडीचं समर्थन करता येईल, वेळकाढूपणाचं नाही.

तीन जण उरलेले असताना मधल्या खेळाडूने चांगले पत्ते असूनही ते टाकून दिले. समालोचक त्याला शाबासकी देत होते. मला तर ही मिलीभगत वाटली. — विलेपार्ल्याहून एक वाचक

तुमची शंका रास्त आहे. स्पर्धेतल्या चिपा आणि स्पर्धेतले पैसे सरळ प्रमाणात चालत नाहीत, त्यामुळे हे प्रकरण बाहेरून संशयास्पदच दिसतं. एक हिशेब मांडून पाहू.

अ कडे ५,००० चिपा, ब कडे ३,०००, क कडे २,०००. बक्षिसं ५०, ३० आणि २० हजार डॉलर. पहिला येण्याची शक्यता चिपांच्या प्रमाणात धरायची. एक जण पहिला आला असं मानून उरलेल्या दोघांत दुसरा कोण येईल, तेही त्यांच्या चिपांच्या प्रमाणातच काढायचं. असं केलं की अ च्या ढिगाची किंमत सुमारे ३८,४०० डॉलर निघते, ब ची ३२,७५० आणि क ची २८,८५०. चिपांमध्ये अ हा क च्या अडीचपट आहे, पण पैशात दीडपटही नाही.

आता अ ऑल-इन जातो, म्हणजे सगळ्या चिपा लावतो, आणि ब समोर प्रश्न उभा राहतो. ब हरला तर तिसरा येऊन २०,००० घेतो. जिंकला तर त्याच्याकडे ६,००० चिपा होतात आणि बाकी दोघांकडे दोन-दोन हजार. त्या ढिगाची किंमत ४१,००० भरते. म्हणजे ब इथे १२,७५० गमावण्याच्या धोक्यावर ८,२५० मिळवायला बघतो आहे. हे बरोबरीत सुटायला त्याला जवळजवळ ६१ टक्के जिंकण्याची खात्री हवी. (आधीच टेबलावर पडलेले ब्लाइंड सोपेपणासाठी सोडले आहेत. ते धरले तर आकडा थोडा खाली येतो.) ५५ टक्के जिंकणारे पत्ते रोख पैशांच्या डावात बिनदिक्कत खेळावेत, पण इथे ते टाकणंच बरोबर ठरतं.

आणि क कडे बघा. त्याने पत्त्यांना हातही लावलेला नाही. अ ने ब ला बाद केलं तर क ची किंमत २८,८५० वरून ३४,००० होते. ब जिंकला तरी ती २९,५०० होते. दोघांच्या मारामारीत तिसऱ्याचा फायदा दोन्हीकडून होतो. अंतिम टेबलावरची कितीतरी भांडणं इथून सुरू होतात. ज्याला ऑल-इनला उत्तर देऊन बाद व्हावं लागलं तो समोरच्यावर चिडतो, आणि तिसरा खाली मान घालून चिपा रचत बसतो.

मिलीभगत मात्र खरीही असू शकते. ओळखायच्या खुणा वेगळ्या असतात. पुढे कोणीच बोलायचं राहिलेलं नाही, हातात न हरणारे पत्ते आहेत, आणि तरीही एखादा फक्त चेक करतो, म्हणजे काहीच न लावता पाळी सोडतो. किंवा दोन मित्र इतरांविरुद्ध जोरात खेळतात आणि आपापसात प्रत्येक डाव शांतपणे मिटवतात. याला सॉफ्ट-प्ले म्हणतात आणि त्यावर दंड होतो. मोठ्या स्पर्धांत खेळाडू एकमेकांच्या बक्षिसात हिस्से विकत घेतात. तसा हिस्सा असणं हा गुन्हा नाही, त्या हिश्श्यापोटी मवाळ खेळणं हा गुन्हा आहे. एका डावावरून कोणावर आरोप करू नका. तीन-चार डाव लिहून ठेवा आणि मध्यंतरात फ्लोअरवरच्या अधिकाऱ्याला एकट्याला गाठून सांगा.

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर दिवाळीत करंडकासाठी पोकर होतं. पैसे नसतात, तरी रेझवरून दरवर्षी भांडण होतं. या वर्षी एकाने ६०० च्या बेटवर ५०० च्या दोन चिपा टाकल्या. तो म्हणतो रेझ (बेट वाढवली), बाकीचे म्हणतात कॉल (बेटएवढीच रक्कम भरली). — एक वाचक, मुलुंड

बाकीच्यांचं बरोबर आहे. तो कॉल आहे आणि त्याला ४०० परत मिळायला हवेत. कारण असं: तोंडाने काही न बोलता अनेक चिपा टाकल्या तर सर्वांत छोटी चिप मनातल्या मनात उचलून बघायची. उरलेल्या चिपांत कॉल भरत नसेल, तर सगळ्या चिपा कॉलसाठीच लागत होत्या असं धरतात. इथे एक उचलली की ५०० उरतात, ६०० भरत नाहीत.

एकच मोठी चिप टाकली तर प्रश्न आणखी सोपा. ब्लाइंड १००/२०० असताना कोणी गप्प राहून १,००० ची एक चिप ठेवली, तर तो २०० चा कॉल. "रेझ" हा शब्द चिप टेबलाला टेकण्याआधी आला, तर १,००० पर्यंत रेझ.

तिसरा प्रकार अर्धवट रेझचा. मोठा ब्लाइंड २०० आहे, एकाने ६०० केले, म्हणजे वाढ ४०० ची. पुढची किमान रेझ १,००० पर्यंत हवी. कोणी ५०० ची एक आणि १०० च्या दोन अशा ७०० टाकल्या, तर जास्तीचे १०० हे ४०० च्या निम्म्यापेक्षा कमी आहेत, म्हणून कॉल आणि १०० परत. १०० च्या तीन टाकून ८०० केले, तर निम्मं गाठलं, आता त्याला १,००० पूर्ण करावेच लागतात. मागे घेता येत नाही.

आणि चिपा दोन खेपांत पुढे सरकवायच्या नाहीत. आधी कॉलएवढ्या ठेवून समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग आणखी आणायच्या, याला स्ट्रिंग बेट म्हणतात. त्यात पहिलीच खेप मोजली जाते. तीन पत्तीची सवय असलेल्यांकडून हे हमखास होतं, कारण तिथे चाल बोलत बोलत टाकतात. डीलरने पत्ते वाटण्याआधी एकच सूचना द्यावी: आधी बोला, मग चिप हलवा. बोललेला शब्द बांधील असतो. एवढं पाळलं तरी तुमची बरीचशी भांडणं मिटतील.

चिपांची वाटणीही बघा, कारण सुट्टे कमी पडले की लोक मोठी चिप टाकतात आणि वाद होतो. ९ जणांसाठी प्रत्येकी १०,००० द्या: २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४, १,००० च्या ७. ब्लाइंड २५/५० पासून सुरू करा, मग ५०/१००, १००/२००, १५०/३००, पुढे २००/४००, ३००/६००. दर २० मिनिटांनी वाढवलेत तर चार तासांच्या आसपास निकाल लागतो. १५०/३०० ची पातळी संपली की २५ च्या चिपा काढून घ्या. चाराच्या बदल्यात १०० ची एक. सुट्ट्या उरलेल्या प्रत्येक चिपेमागे एक पत्ता उघडा वाटा, मोठ्या पत्त्यांना १०० च्या चिपा मिळतात. या बदलात कोणीही बाद होत नाही. ज्याच्याकडे फक्त २५ ची चिप उरली होती, त्याला १०० ची एक द्यावीच लागते.

पोकरपटू डॅनियल नेग्रानू हरला तो डग पोककडून की फिल हेलमथकडून? यातली खरी दुश्मनी कोणती? — एक वाचक, दादर

दोघांकडूनही हरला, पण दोन निकालांचं वजन वेगळं आहे. पोकशी भांडण बरीच वर्षं चाललं होतं, त्यात रेक म्हणजे डाव चालवणाऱ्यांनी कापून घ्यायचा हिस्सा, हा मोठा विषय होता. नोव्हेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात दोघं २०० आणि ४०० डॉलर ब्लाइंडने २५,००० डाव खेळले. निम्म्यावर हरणाऱ्याला सोडून जायची मुभा होती, नेग्रानू शेवटपर्यंत बसला. पोक सुमारे १२ लाख डॉलरने जिंकला. म्हणजे ३,००० मोठे ब्लाइंड, दर शंभर डावांना १२. इतक्या डावांवर नशिबाचा वाटा बराच कमी होतो.

हेलमथने २०२१ मध्ये त्याला समोरासमोरच्या तीन सामन्यांत तिन्ही वेळा हरवलं, प्रत्येकी ५०,००० पासून २ लाख डॉलर लावून. दोन अगदी तुल्यबळ खेळाडूंतही एक ठरावीक खेळाडू सलग तीन जिंकण्याची शक्यता १२.५ टक्के असते, म्हणजे आठात एकदा. या तीन सामन्यांवरून श्रेष्ठ कोण ते ठरत नाही. हेलमथची खरी मिळकत त्याची १७ ब्रेसलेट, म्हणजे वर्ल्ड सिरीजमधल्या स्पर्धा जिंकल्याची बक्षिसं, आहेत. त्याचे चिडण्याचे प्रसंग गाजतात म्हणून ही बाजू झाकली जाते, आणि ते आम्हाला खटकतं.

भाऊ अंधेरीतल्या एका फ्लॅटवर ५०,००० रुपये प्रवेश असलेल्या "खाजगी स्पर्धेला" जाणार म्हणतो. — एक वाचक, जोगेश्वरी

जाऊ देऊ नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात जागेचा मालक, डाव चालवणारा आणि तिथे खेळताना सापडलेला, तिघांवरही कारवाई होऊ शकते. निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का यावर न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला. ऑनलाइन पैसे लावून खेळण्याचा मार्ग संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने बंद केला. गोव्यातल्या परवानाधारक कॅसिनोंचा कायदा वेगळा आहे. तिथे वयाची अट २१ वर्षं आहे आणि जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, वर अधिभार आणि उपकर. प्रवासखर्च किंवा आधीचे तोटे त्यातून वजा करता येत नाहीत. फ्लॅटवरच्या डावात आणखी एक धोका असतो: वाद झाला तर निवाडा करणारा डाव चालवणाराच, आणि तक्रार कुठे नेणार?

दोघांकडेही एक्क्यांची जोडी असून एक जण बाद झालेला बघितला. डीलरने पत्ते लावले होते का? — एक वाचक, लालबाग

तुम्ही बघितलात तो २०१४ चा डाव असणार. दहा लाख डॉलर प्रवेश फी असलेल्या बिग वन फॉर वन ड्रॉप या स्पर्धेत कॉनर ड्रिनन आणि कॅरी कॅट्झ टेबलावरचे सामायिक पत्ते उघडायच्या आधीच ऑल-इन गेले. टेबलावर चार बदाम आले. बदामचा एक्का कॅट्झकडे होता, त्याचा फ्लश (एकाच प्रकारचे पाच पत्ते) झाला आणि ड्रिनन घरी गेला. अशा जोड्या भिडल्या की सुमारे ९५.७ टक्के वेळा रक्कम वाटून जाते आणि प्रत्येक बाजू २.२ टक्क्यांहून किंचित कमी वेळा जिंकते. म्हणजे असे साधारण ४६ डाव झाले की एकदा ड्रिननसारखी पाळी येते. पत्ते लावायची गरजच नाही. दुर्मीळ गोष्ट इतकीच की ती दहा लाख डॉलरच्या टेबलावर, कॅमेऱ्यासमोर घडली. ऑल-इनला दोघांचे पत्ते लगेच उघडे ठेवण्याचा नियम असतो, तो इथे कामी आला. शेवटचा पत्ता पडला तेव्हा टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला निकाल स्वतःच्या डोळ्यांनी मोजता आला.