११० एमबीची जीएलबी (थ्री-डी मॉडेलची) फाइल ब्राउझर गेमसाठी लहान कशी करावी? काही भिंती बाहेरून गायब दिसतात, त्या दुरुस्त कशा कराव्यात?

ड्रॅको, म्हणजे मेश (मॉडेलची त्रिकोणांची जाळी) दाबून फाइल लहान करणारं तंत्र, लावू का, असं विचारलंय तुम्ही. लावू नका. निदान आत्ता तरी नको. देवळाचं मॉडेल, मोबाइलवर टॅब बंद पडतो, डेसिमेट करूनही (त्रिकोण कमी करूनही) फरक नाही, हे वाचलं आणि आमच्या बारवेचं सगळं रामायण डोळ्यांपुढे आलं. म्हणून लिहायला बसले.

फाइल डिस्कवर किती जागा खाते आणि मोबाइलच्या मेमरीवर किती भार टाकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेपीजी डिस्कवर पाच एमबीची असेल, पण ग्राफिक्स चिपला जेपीजी कळत नाही, ती पूर्ण उलगडूनच तिथे जाते. ४०९६ बाय ४०९६चं एक टेक्स्चर (मॉडेलवर चढवलेलं चित्र), पिक्सेलमागे ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी. मिपमॅप, म्हणजे त्याच्याच लहान लहान प्रती, धरले की ८५. तुमच्या देवळाला अशी किती टेक्स्चर आहेत हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि उत्तर नेमकं तिथे आहे.

आमच्या गावाजवळ एक बारव आहे. साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारामोटेच्या विहिरीसारखं तिचं नाव झालेलं नाही, पण पायऱ्या शाबूत आहेत. तिच्यात घडणारा एक छोटा गेम मी थ्री-जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये थ्री-डी दाखवणारी लायब्ररी) करत होते. माझा मावसभाऊ तेव्हा ॲनिमेशनचा कोर्स करून नुकताच परत आला होता. त्याने फोनने फोटो काढले, मेशरूममध्ये (फोटोंवरून थ्री-डी मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) टाकले आणि वीस लाख ट्रायँगलची बारव मला आणून दिली. सोबत आठ टेक्स्चर, सगळी फोर-के (४०९६ची). माझ्या फोनवर क्रोमने जरा वेळ विचार केला आणि टॅब मारला.

मी म्हटलं, दादा, टेक्स्चर कमी कर. आठ गुणिले ८५, जवळजवळ ६८० एमबी झाले, कुठला फोन उचलेल? तर म्हणे, "अगं, पॉली जास्त आहेत, डेसिमेट मारतो. तू कोड बघ."

त्याने जीएलबी ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये उघडली, डेसिमेटचा आकडा ०.१ केला (दहातला एकच त्रिकोण ठेवला) आणि ड्रॅको लावून परत एक्स्पोर्ट केली. वर पोझिशनचं क्वांटायझेशन, म्हणजे बिंदूंच्या जागा किती बारकाईने नोंदवायच्या ते, १४ बिटांवरून ८वर आणलं, का तर फाइल आणखी लहान होते. झालीही. निम्म्यावर आली. गणपतीला सगळे जमले होते, तिथे त्याने ते आकडे मावशीला दाखवले आणि मावशी मला म्हणाली, "तो शिकून आलाय ना, ऐक की जरा." फोनवर टॅब तरीही मेला. मरणार नाही तर काय, टेक्स्चरना कुणी हातच लावला नव्हता! हे मी तिथेच बोलले आणि मग दोन दिवस घरात माझ्याशी जपून बोलत होते सगळे.

लॅपटॉपवर उघडली तेव्हा खरं नुकसान कळलं. जीएलबीमध्ये टेक्स्चरच्या शिवणीवर व्हर्टेक्स (मेशचे बिंदू) दोनदा लिहिलेले असतात. साध्या ठोकळ्याला कोपरे ८ असले तरी फाइलमध्ये व्हर्टेक्स २४ निघतात. ते न जोडता डेसिमेट केलं की शिवणीच्या दोन्ही काठांवरचे वेगवेगळे बिंदू उडतात आणि मधे फट पडते. आमच्या पायऱ्यांच्या फटींतून पलीकडचं आकाश दिसत होतं. आणि ८ बिट म्हणजे अख्ख्या लांबीचे फक्त २५६ भाग. तीस मीटरच्या बारवेत एक भाग जवळजवळ १२ सेंटीमीटरचा. पायरीची उंचीच वीतभर! सगळ्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. १४ बिटांवर हाच भाग २ मिलिमीटरच्या आत राहतो, डोळ्याला कळतसुद्धा नाही.

मूळ फाइल मागितली तर तिच्यावरच सेव्ह केलेलं. फोटो म्हणाल तर फोनमध्ये जागा नव्हती म्हणून उडवलेले.

अशी फाइल दुरुस्त होत नाही. मर्ज बाय डिस्टन्सचं (जवळचे बिंदू एकत्र जोडण्याचं) अंतर वाढवत नेलं की फटी मिटायच्या आत पायऱ्याच एकमेकींत विरघळतात. शेवटी मी टेप घेऊन बारवेत उतरले, एका पायरीचं माप घेतलं, एकच दगड बनवला आणि ऑल्ट-डीने त्याच्या लिंक्ड प्रती मांडल्या. अशा प्रती असल्या की जीएलबीमध्ये मेश एकदाच लिहिली जाते. देवकोष्ठ तेवढे वेगळे केले. दगडाची १०२४ची दोन टेक्स्चर सगळीकडे फिरवली. फाइल तीन एमबीच्या आत आली आणि माझ्या त्याच जुन्या फोनवर गेम चालतो. दादा म्हणतो, ही "खरी" बारव नाही. नसेल. निदान दिसते तरी!

आता तुमच्या भिंती. ब्लेंडरमध्ये फेस ओरिएंटेशनचा ओव्हरले लावा, कुठला फेस (पृष्ठभाग) कुठे तोंड करून आहे ते रंगाने दिसतं. बाहेरून लाल दिसणारे फेस उलटे आहेत. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन दाबा, म्हणजे ते बाहेर तोंड करतील. त्याआधी ऑब्जेक्टचा स्केल कुठे उणे आहे का ते बघा आणि कंट्रोल-ए करून लागू करा, नाहीतर ब्लेंडरमध्ये एक दिसेल आणि गेममध्ये दुसरंच. मटेरिअल डबल-साइडेड करून मोकळं व्हा, असं सांगणारे भेटतील. भिंती दिसतील, पण नॉर्मल (फेसच्या तोंडाची दिशा) उलटे ते उलटेच, आणि आतली न दिसणारी बाजू फोन उगाच काढत बसेल.

हे झाल्यावर टेक्स्चर २०४८वर आणा, लांबच्या वस्तूंना १०२४ पुरे. मग ती केटीएक्स-टू या टेक्स्चरच्या फॉरमॅटमध्ये करा, कारण हा प्रकार चिपच्या मेमरीतही दाबलेलाच राहतो. रंगाच्या टेक्स्चरला त्यातली ईटीसी-वन-एस ही जास्त दाबणारी पद्धत लावली तर फोर-केसुद्धा बहुतेक फोनवर ६४ऐवजी ८ एमबीत बसतं. नॉर्मल मॅपला (उंचसखलपणाचा भास देणारं टेक्स्चर) मात्र यूएएसटीसी ही कमी दाबणारी पद्धत घ्या, नाहीतर चौकोनी डाग पडतात. मेशसाठी जीएलटीएफपॅक हे फाइल दाबणारं साधन आहे, त्याचं डीफॉल्ट १४ बिटांचंच आहे, छेडू नका. आणि हे सगळं शेवटी, वेगळ्या नावाच्या फाइलवर. दाबलेली फाइल परत ब्लेंडरमध्ये आणून तिच्यावर काम करणाऱ्याला माझ्याकडून दंड.

ड्रॅको वाईट नाही, हेही सांगायला हवं. मोठी, न हलणारी मेश असेल आणि बघणाऱ्याचं नेट हळू असेल तर ते डाउनलोड खूपच कमी करतं. पण ॲनिमेशन ते दाबत नाही, उलगडायला फोनला वेळ लागतो आणि उलगडल्यावर मेमरी तेवढीच लागते. गेम फक्त डेस्कटॉपवर चालणार असेल तर माझी अर्धी बडबड सोडून द्या. आणि देवळाचं स्कॅन नोंद म्हणून केलं असेल तर त्यातला एक ट्रायँगलही कमी करू नका, गेमसाठी वेगळं मॉडेल करा.

आज रात्री एवढंच करा: मूळ ब्लेंड फाइलमध्ये पॅक रिसोर्सेस करून (टेक्स्चर त्याच फाइलमध्ये भरून) तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर टाका. पॅक न करता टाकलीत तर दुसऱ्या मशीनवर अख्खं देऊळ गुलाबी उघडेल.